अम्माने धरलेलं मौन

आमच्या घरात आवाजाची ददात कधीच नव्हती. माझे वडील सोलापूरच्या एका कापड गिरणीत मागखात्यात जॉबर होते, म्हणजे मागवाल्यांवर देखरेख करणारे. आम्ही तेलुगू बोलणारे, वडिलांना नायना म्हणतो. मागांच्या खडखडाटात निम्मं आयुष्य काढलेल्या माणसाला घरी आल्यावर हळू बोलता येत नाही. 'पाणी दे' एवढंच म्हणायचं असलं तरी नायना असं म्हणायचे की भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या पानवाल्यानं उठून तांब्या भरून आणावा.

अम्मा त्याच्या अगदी उलट. तीही माझ्या जन्मापर्यंत गिरणीतच होती, सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात. त्या खात्यातल्या बायका ओरडून घसा फोडून घेत नसत. आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत, आणि समोरची ओठ बघून समजून घेई. तेलुगू बाईचे ओठ तेलुगू बोलत, मराठी बाईचे मराठी, आणि वर्ष-दोन वर्षांत सगळ्याजणींना सगळ्यांचे ओठ कळायला लागत. गिरणी सुटली तरी अम्माची ही सवय सुटली नाही. घरात शांतता असली तरी ती नायनांशी ओठांनीच बोलायची. समोर बसून बोलली तर नायनांना सगळं कळायचं. पण चुलीकडे तोंड करून किंवा पाठमोरी बसून ती काही पुटपुटली की त्यांचा पारा चढायचा. मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं.

"एंदे, नोरु लेदा नीकु?"

काय गं, तोंड नाही का तुला? हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की लहानपणी मला वाटायचं, नवरा-बायको एकमेकांना अशीच हाक मारतात. अम्मावर त्याचा परिणाम शून्य. ती मागं वळायची, तेच पुन्हा ओठांनी म्हणायची, आणि कामाला लागायची.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात एका दुपारी नायनांना खात्यातच अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पायात थोडी ताकद आली होती, काठी धरून मोरीपर्यंत जायचे. हात लुळाच राहिला. आणि तोंडातून एकच आवाज यायचा, 'ता'. पाणी हवं असलं तरी ता, उकडत असलं तरी ता, डास चावला तरी ताताता. स्वतः काय बोलतोय हे त्यांना ऐकू जात असावं, कारण दोन-तीनदा 'ता' झालं की ते गप्प व्हायचे, आणि त्यांचे डोळे भरून यायचे. नायनांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन यायचे.

मी तेव्हा महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. घरी तेलुगू आणि शाळेत पोटापाण्याला मराठी, असं माझं चाललेलं. फळ्यावर 'त' गिरवून घ्यायची वेळ आली की माझा हात थबकायचा. चाळीस मुलं एका सुरात 'त तलवारीचा' म्हणायची आणि मला घरचा 'ता' ऐकू यायचा. शाळा सुटेपर्यंत एकच भीती असायची: आपण इथं असताना घरी त्यांना दुसरा झटका आला तर ते कुणाला हाक मारणार, आणि कशी?

दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच एका बाईंचं सांगितलं. त्या पुण्याहून एका शनिवारआड यायच्या. खरं तर बहिऱ्या मुलांच्या एका शाळेसाठी यायच्या. त्या मुलांना दुसऱ्याचे ओठ बघून बोलायला शिकवायच्या. डॉक्टरांनी गळ घातली म्हणून दुपारचा थोडा वेळ बोलणं गेलेल्या रोग्यांना द्यायच्या. असं शिक्षण असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. गल्लीत त्यांचं नाव पडलं 'बोलायच्या बाई'. वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि पिशवीत चित्रांचा गठ्ठा.

पहिल्या दिवशी त्यांनी नायनांना समोर बसवलं, त्यांच्या तपासायच्या रीतीप्रमाणे एक कोरा कागद स्वतःच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाल्या, "डोळे मिटा."

नायना कागदाकडे बघत राहिले.

"दार कुठं आहे? दाखवा बरं."

नायनांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. असा चेहरा मी दरवर्षी पहिलीच्या वर्गात पहिल्या दिवशी बघते. बाईंनी आणखी चार-पाच गोष्टी विचारल्या, कागद खाली ठेवला आणि मला हळूच म्हणाल्या, "बोलणं गेलंच आहे, पण समजही बरीच कमी झालेली दिसते."

बोलता येत नाही, पण आतून ते शाबूत आहेत, या एका आशेवर आमचं घर उभं होतं. गिरणीतल्या माणसाला कमी ऐकू येतं, हे बाईंना सांगावं असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आमच्याकडे तो आजार धरतच नाहीत. मागावर काम केलं की कान जाणारच, त्यात सांगायचं काय? साखर गोड असते असं कुणी वाण्याला सांगतं का?

मग बाईंनी भाषेचं विचारलं. घरी काय बोलता?

"घरी तेलुगू. माझ्याशी अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. खात्यात बरेचजण मुसलमान, त्यांच्याशी दखनी. शेजारचे अक्कलकोटकडचे, त्यांच्याशी कन्नड."

बाईंचं लिहिणं थांबलं. "चार?"

"चारही नीट बोलायचे," मी म्हणाले. "भांडण मात्र शक्यतो दखनीत."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं की आधीच मेंदूला इजा झालीय, त्यात चार बाजूंनी चार भाषा कानावर पडल्या तर गोंधळ वाढेल आणि एकही हाती लागणार नाही. एकच भाषा धरायची. घरातल्या प्रत्येकानं तीच बोलायची. पहिले काही महिने महत्त्वाचे, तेव्हा जे येईल ते येईल, पुढं सगळं फार हळू होतं. बाईंना तेलुगू येत नव्हतं. चित्रांचे धडे रोज मी घेणार होते. तेव्हा भाषा मराठी ठरली.

घरी येऊन मी अम्माला सांगितलं. ती तेंदूच्या पानांच्या विड्या वळत बसली होती, मांडीवर सूप घेऊन. गिरणी सुटल्यापासून तिचा तोच उद्योग होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी काय करू?"

तिचं मराठी म्हणजे 'या', 'बसा', 'नको' आणि 'केवढ्याला'. सोलापुरात उभा जन्म काढला तरी त्याहून जास्त लागलं नाही, कारण आमच्या भागात वाणी, शिंपी, देवळातला पुजारी सगळे तेलुगूच बोलतात. मी म्हणाले, थोडं थोडं बोल, मी शिकवते. तिनं मान हलवली. नवऱ्याच्या औषधात आपलं मोडकंतोडकं मिसळायला ती तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावरून न्हाली आणि देवळात गेली. आली ती कपाळाला देवळातलं कुंकू लावून. मला समोर बसवून म्हणाली, "देवापुढं बोलून आलेय. त्यांचं तोंड उघडेपर्यंत माझं तोंड बंद. त्यांच्याशीच नाही, कुणाशीच नाही. त्यांची वाचा सुटली की देवाला नारळ फोडायचा आणि मग बोलायचं."

मी म्हणाले, "अम्मा, बाईंनी फक्त तेलुगू बोलू नका म्हटलंय. नवस कुठं सांगितलाय?"

पण तेवढ्यात तिचं मौन सुरू झालं होतं. बाईंनी दिलेलं पथ्य आमच्या अम्मानं व्रत करून टाकलं. डॉक्टरचं पथ्य डॉक्टरला विचारून सोडता येतं. व्रताला तशी सोय नसते.

आता घरात दोघं न बोलणारी आणि मी एकटी बोलणारी. मी सकाळी शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर नायनांपुढे चित्रं मांडायचे. "हा काय आहे? कप. कप. म्हणा, क..." नायना म्हणायचे, "ता." "ही छत्री. छ..." "ताता." आरसा धरून ओठ गोल करायचे, जीभ बाहेर काढायची, सगळं करून झालं. मला माझ्याच आवाजाचा वीट यायला लागला. चित्र बघत शेजारी वाकून बसलेली मी त्यांना एकसारखं काहीतरी ऐकवत होते, आणि ते सारखं मान वळवून माझ्या तोंडाकडे बघायला जायचे. मी त्यांचा चेहरा धरून पुन्हा चित्राकडे वळवायचे.

भेटायला येणाऱ्यांनाही मी दारातच नियम सांगायचे. नायनांच्या खात्यातले त्यांचे जुने दोस्त आले. एरवी गल्लीच्या टोकापासून "क्या उस्ताद, कैसा हाय जी?" म्हणत यायचे. मी म्हणाले, चाचा, फक्त मराठीत बोला. बिचारे खुर्चीच्या कडेला बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आपली प्रकृती कशी आहे?" नायना असे घाबरले की जणू कचेरीतला कुणी साहेब चौकशीला आलाय. चाचांना पुढचं वाक्य सुचेना. चहा पिऊन, नायनांचा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ते निघून गेले.

शेजारची कानडी मावशी मात्र नियमबियम मानणारी नव्हती. एक दिवस अक्कलकोटचा अंगारा घेऊन आली आणि अम्माचा अवतार बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गं लेकी, दोगं बी गप बसली तर घर कसं चालायचं? त्यांचं सोड, त्यांना रोग हाय. हिला काय झालंय? लई झालं की आता!"

अम्मानं तिला हातानंच बस म्हटलं, पाणी दिलं, आणि पुन्हा विड्यांना लागली. मावशीनं अंगारा नायनांच्या कपाळाला लावला, आणि जाता जाता थोडा अम्माच्याही.

असे आठवडे गेले. नायनांच्या 'ता'त काडीचाही फरक पडला नाही. मला दिवसागणिक भीती वाटत होती. बाईंनी सांगितलेले महिने हातातून निसटत होते, आणि माझ्या घरात दोन मुकी माणसं समोरासमोर बसून होती. मला शांततेची कधी सवय नव्हती. गिरणीचा भोंगा झाला की नायना दचकून उठू पाहायचे, लुळा हात शर्टाच्या बाहीत घालायला धडपडायचे. अम्मा जाऊन त्यांना खाली बसवायची. तेवढा वेळ सोडला तर घरात फक्त पानं कातरायचा आवाज.

पावसाळ्यात नायनांनी दवाखान्यात यायचंच बंद केलं. काठी भिंतीवर आपटली आणि पाठ करून निजले. मी बाईंना गळ घातली. पुण्याच्या गाडीला वेळ होता, तेव्हा त्या चिखलाचे भले मोठे डाग पडलेलं पातळ सावरत आमच्या खोलीत आल्या.

अम्मा नेहमीसारखी नायनांच्या समोर विड्या वळत होती. मी चहा टाकला. बाई मला काही विचारायच्या ऐवजी गप्प बसून त्या दोघांकडे बघत होत्या. तेवढ्यात नायनांनी डाव्या हातानं शेजारचं दोऱ्याचं रीळ उचललं आणि अम्मापुढे सरकवलं. अम्मानं न बघताच ते घेतलं.

"हे त्यांना कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"दोरा हवाय म्हणून. तुमच्या आईंचे ओठ हलत होते. काय म्हणाल्या त्या?"

मी स्टोव्ह सोडून पुढे आले. अम्मा मान खाली घालून काम करत होती, आणि तिचे ओठ खरंच हलत होते. तिचं तिलाही ठाऊक नसावं. वर्षानुवर्षांची सवय, मनात आलेलं ओठांवर यायचं. दोरा तुटतोय मेला, असं काहीसं ती तेलुगूत म्हणत होती. आणि नायना, ज्यांना समज कमी झालीय म्हणून मी रात्रंदिवस झुरत होते, ते टक लावून तिच्या ओठांकडे बघत होते.

बाई उठल्या, नायनांच्या अगदी समोर जाऊन बसल्या. कागद नाही, काही नाही. आवाजही काढला नाही, नुसते ओठ हलवले. मला कळलं, मराठीत 'डोळे मिटा' म्हणाल्या. नायनांनी डोळे मिटले. 'दार दाखवा.' नायनांनी डावा हात दाराकडे केला.

बाईंनी मग चष्मा काढून पदरानं पुसला. "मी त्यांच्यापुढे कागद धरत होते," त्या म्हणाल्या. "बहिऱ्या मुलांना रोज शिकवते, आणि यांना कमी ऐकू येत असेल हे माझ्या मनात आलं नाही. त्यांना कळतंय. बरंच कळतंय." एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा छातीवरचं ओझं जरा हललं.

मग त्या म्हणाल्या, "आईंना सांगा, यांच्याशी बोलायला लागा. मोठ्यानं, समोर बसून, तेलुगूत. एकच भाषा धरा असं मी तुम्हाला सांगितलं, मला तसंच शिकवलं होतं. पण यांच्या जिवाला जी भाषा बिलगून आहे तीच आपण घरातून घालवली. त्या बोलल्या नाहीत तर यांना बोलावंसं वाटणार कुणाशी?"

मी अम्माला सगळं सांगितलं. चूक अशी झाली की मी सगळंच सांगितलं. ओठ हलत होते, हेही.

'बोल' हे तिनं ऐकलंच नाही. 'ओठ हलत होते' एवढंच ऐकलं. तिच्या हातातली विडी सुपात पडली. तिनं तोंडावर हात ठेवला आणि देवाच्या तसबिरीकडे बघितलं. मला तिच्या चेहऱ्यावरून सगळा हिशेब कळला. आपलं व्रत पहिल्या दिवसापासून मोडत होतं, आणि म्हणूनच यांना गुण येत नव्हता. बाई परोपरीनं समजावत होत्या, मी भाषांतर करत होते, आणि अम्मा पदराचं टोक तोंडात कोंबून मान हलवत होती. शेवटी बाईंच्या गाडीची वेळ झाली.

त्या दिवसापासून अम्मानं पदर तोंडावरून घेऊन मानेमागे घट्ट खोचायला सुरुवात केली. विड्या वळताना पदर, स्वयंपाक करताना पदर. नाक आणि डोळे तेवढे उघडे. मी चिडले. मला राग पटकन येतो, तेव्हा तर फारच यायचा. "अम्मा, देव काय मुकादम आहे का, ओठ मोजत बसायला? तू बोलत नाहीस म्हणून ते बोलत नाहीत, आणि ते बोलत नाहीत म्हणून तू बोलत नाहीस. हे संपायचं कधी?" तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी होतं. पदर काही काढला नाही.

तिच्यावर जबरदस्ती करायची मला हिंमत नव्हती, हेही खरं. तिला व्रत मोडायला लावलं आणि उद्या नायनांना दुसरा झटका आला तर? ती मला कधी बोलून दाखवणार नाही, पण जन्मभर मनात ठेवील. आणि न मोडावं तर बाईंचे ते महिने संपत चाललेले. शाळेत मी मुलांवर उगाच ओरडायला लागले. एकदा हजेरी घेताना मधेच थांबले आणि पुढचं नाव काय ते मला आठवेना. क्षणभर वाटलं, हे मलाही होतंय की काय.

नायना मात्र खचले ते आत्ता. इतके दिवस ते बोलत नव्हते पण बघत तरी होते. आता अम्मा समोर बसली की ते तिच्या पदराकडे बघायचे, मान पुढे काढून, वाकून, बाजूनं. काही दिसत नाही म्हटल्यावर चिडून ताता करायचे. ती आणखी घाबरून पदर आणखी वर ओढायची. रीळ सरकवणं बंद झालं. मग बघणंही बंद झालं. ते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. मी समोर जाऊन ओठ हलवून बोलायचे, तेलुगूत, मराठीत, कशातही. ते डोळे मिटून घ्यायचे. डोळे मिटले की त्यांच्यापर्यंत जायचा रस्ताच नाही, हे मला आता कळत होतं, आणि त्यामुळे मी जास्तच धसका घेतला होता.

एका रविवारी दुपारी अम्मा त्यांना जेवायला घालत होती. डाव्या हातानं जेवायला ते तयार नसायचे, जीव गेला तरी नाही, म्हणून तीच भरवायची. कडक भाकरी आमटीत कुस्करलेली, वर शेंगांची चटणी. मी दारात तांदूळ निवडत होते. नायनांनी दोन घास घेतले आणि तोंड मिटलं. अम्मानं घास पुढे केला. त्यांनी मान फिरवली. तिनं त्यांच्या हनुवटीला हात लावून मान वळवली, आणि पदराआड काहीतरी झालं. मला वाटतं ती 'खा ना' म्हणत होती, सवयीनं, आणि तिच्या लक्षात आलं म्हणून तिनं दुसऱ्या हातानं पदर तोंडावर दाबून धरला.

नायनांनी डावा हात वर केला. मला वाटलं मारतात की काय, मी ताट टाकून उठले. त्यांनी तिचा पदर मुठीत धरला आणि खस्सकन खाली ओढला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, मानेच्या शिरा फुगलेल्या.

"एंदे," ते ओरडले. "नोरु लेदा नीकु?"

गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल तो आवाज. शेजारच्या मावशीच्या हातातून भांडं पडल्याचं मला ऐकू आलं. नायना स्वतःच दचकले होते. दुसऱ्याच कुणी ओरडल्यासारखे खोलीभर बघत होते.

अम्माचं तोंड उघडंच होतं. भाकरीचा घास अजून हातात. तिचे ओठ हलले, पण आवाज येईना. इतके दिवस न वापरलेला घसा. तिनं खाकरून बघितलं, पुन्हा ओठ हलवले. नायना तिच्या ओठांकडे बघत होते. मग कोरडा, घोगरा असा आवाज आला.

"उंदी," ती म्हणाली. आहे.

आणि मग ती जी बोलायला लागली ती बोलतच राहिली. रडत, नाक पुसत, घास भरवत. विड्यांच्या कारखान्यातल्या मुकादमानं पानं खराब दिली, मावशीच्या सुनेला दिवस गेलेत, रॉकेल मिळत नाही, पोरगी वाळत चाललीय, तुमचे दोस्त येऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. एवढ्या महिन्यांचं सगळं. नायना भाकरी चावत तिच्या तोंडाकडे बघत होते. त्या दिवशी त्यांनी ताट पुसून खाल्लं. संध्याकाळी अम्मा देवळात जाऊन नारळ फोडून आली.

पुढच्या खेपेला बाई आल्या तेव्हा मी धावत जाऊन त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. नायनांपुढे बसून त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. नायनांनी सगळा जीव एकवटला. "ता," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "ता."

बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, असं होतं. रोजच्या सवयीची वाक्यं, राग आला की आपोआप बाहेर पडतात. ठरवून बोलायला गेलं की येत नाहीत. हे ठरवून बोललेलं बोलणं नाही, तेव्हा सुधारणा म्हणून आपल्याला ते धरता येणार नाही. पण सुरुवात करायला जागा मिळाली. आता धडे तेलुगूत घ्यायचे, आणि ते आई घेतील, समोर बसून, ओठ दिसतील असे.

अम्मा आमच्याकडे बघत होती. "काय म्हणतात त्या?" तिनं विचारलं.

तिला सांगावं की नाही, मी क्षणभर घुटमळले. मागच्या खेपेला सगळं सांगून काय झालं होतं ते मला आठवत होतं. पण तिच्यापुढं मला काही लपवता येत नाही.

"त्या म्हणतात, ते खरं बोलणं नव्हतं. सवयीनं आलं. ते धरायचं नाही."

मला वाटलं आता तिचा चेहरा पडेल, पदर पुन्हा वर जाईल. अम्मानं सूप मांडीवर सारखं केलं, कात्री घेतली आणि नायनांकडे तोंड करून बसली.

"लग्न झाल्यापासून हे माझ्याशी एवढंच बोललेत," ती म्हणाली. "हे धरायचं नाही, तर मग धरायचं काय?"

मी ते बाईंना मराठीत सांगितलं. बाई एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. नायना एकदा बाईंच्या तोंडाकडे, एकदा अम्माच्या तोंडाकडे बघत होते. अम्मानं पुढ्यातलं रीळ उचलून त्यांना दाखवलं आणि मोठ्यानं, एकेक अक्षर सोडवून, त्याचं तेलुगू नाव सांगितलं.